थंड उकळी

गाडी दिवसभराची, फक्त आम्हा दोघांसाठी.
मडगावहून सकाळी सातला निघालो.
ड्रायव्हर गुणो वेळीप, नेत्रावळीच्या अलीकडचा,
आरशाला कालची अबोली, सुकत आलेली.

बाबा बसताच म्हणाले, "आधी गरम पाण्याचे झरे."
मोठ्याने म्हणाले. ते सगळंच मोठ्याने म्हणतात,
बत्तीस गळीत हंगाम साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी गेले
आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेले.
आता त्यांना पृथ्वीचा बॉयलर बघायचा होता.

गुणो माझ्याकडे वळला.
"गोव्यात उन्हाळं नाही, बाय.
उकळतं पाणी आहे. पण थंड."

मी वहीत लिहिलं.
बाबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"थंड पाणी उकळत नाही."
पुढे रिवणपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
रस्त्याकडेच्या झाडांवर खाणीची लाल धूळ,
पावसाळा सरून महिना झाला तरी न धुतलेली.

तळीच्या पायऱ्या चिऱ्याच्या.
बाबांनी बूट काढले, मोजे बुटात कोंबले,
चार पायऱ्या उतरून हाताची मागची बाजू पाण्याला लावली,
पाइपाला लावायचे तशी, चटका बसलाच तर मागच्या बाजूला बसावा.
थंड.
आणि त्या थंडाच्या तळातून
एक, मग सात-आठ, मग मोजता न येणारे
बुडबुडे सरळ रेषेत वर, जणू खाली कुणी
गेज-कॉक सैल ठेवून जेवायला गेलंय.

गुणोने टाळी वाजवली.
पाणी डाव्या कोपऱ्यात फसफसलं.
बाबांनी त्याचे हात पाहिले, मग पाणी,
मग स्वतःचे हात.
वाजवली.
तळातून उत्तर वर आलं, फुटलं.
पुन्हा वाजवली. पुन्हा आलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी केलेला आवाज
त्यांच्यापर्यंत परत पोचला होता.

"टाळी नसली तरी येतात ते," गुणो माझ्या कानाशी पुटपुटला,
"रात्री कोणी नसताना पण."
वही माझ्या हातात होती. पेनही होतं.
मी पेनाचं टोपण लावलं.

दुपारी सावरीचा धबधबा.
वनखात्याच्या नाक्यावर पावती, मग मुळांतून चालत.
तिथे मला काहीच ऐकू येईना, गुणोलाही नाही,
आम्ही एकमेकांना हातवारे करत राहिलो, चुकत राहिलो.
बाबा मात्र निवांत.
त्यांनी ओल्या कातळावर तळहात टेकवला,
डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ
त्या प्रचंड यंत्राची पाळी सांभाळत उभे राहिले.
मग माझा हात ओढून शेजारी ठेवला.
खडक थरथरत होता.
"फुल लोड," बाबा म्हणाले. ओठांवरून कळलं.

परतीला अंधार. केप्यात मिरची भजी आणि चहा.
बाबांनी डॅशबोर्डवर बोटं ठेवली होती, पेटीवर ठेवावीत तशी.
"तिसरा सिलिंडर मिस करतोय," ते गरजले.
गुणो दचकला, मग हसला,
"आत्ताच सर्व्हिसिंग केलंय, सायब."
मी लिहिलं. बाबांनी वाचून मान हलवली,
होकारार्थी नाही.

पाचव्या दिवशी सांगलीला फोन आला.
"बाय, गुणो बोलतोय. इंजेक्टर. तिसरा.
मेकॅनिक विचारतो, कोणी सांगितलं?"

मी वहीच्या अख्ख्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं
आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं.
बाबांनी वाचलं. घास गिळला.
हात धोतराला पुसून
एकच टाळी वाजवली, जोरात,
आणि वाकून
पाण्याच्या तांब्यात पाहिलं.