चार-दोनची शाखा

मंगळवारी रात्री, चोडणच्या घरात,
मी चार-दोनची शाखा वेगळी काढली.
आता तिच्यात फक्त दुरुस्त्या.

कुंकळ्ळीहून आवेलीनचा निरोप:
‘दोन दिवस थांब,
माझा कोंकणी शब्दकोश जवळजवळ झालाय.’
जवळजवळ.

बांधावरचं मानशीचं दार
भरती आली की आपसूक मिटतं,
कोण यायचं राहिलं, विचारत नाही.
मी विचारतो.
आणि मिटतो.

मुख्य शाखेत टाक, म्हटलं,
सहा महिन्यांनी पाच-शून्य आहेच.
तिनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

पहाटे तीनला
माझ्याच जुन्या ओळीत चूक सापडली.
ती दुरुस्ती मी दोन्हीकडे चढवली,
कुणाला न विचारता.

बाहेर पाणी अजून चढतच होतं.
दाराच्या फटीतून
एक पिटुकला शेवटो
आत आला.