तारीख

बाबांची जन्मतारीख एक जून.
गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची एक जूनच.
गुरुजींनी एका दुपारी, एकाच दौतीतून
सगळ्यांना जन्माला घातलं.
खरी तारीख आजीला ठाऊक होती:
मोठ्या उधाणाला उघाडी फुटली,
तिच्या तिसऱ्या रात्री.
फॉर्ममध्ये उधाणाला रकाना नाही.

रात्रीचे साडेदहा. लॅपटॉप देव्हाऱ्यापुढच्या पाटावर,
कारण रेंज तिथेच येते.
मी विचारते, बाबा सांगतात,
आई सुपारी कातरता कातरता दुरुस्त करते.

जन्मस्थान?
"करावे."
सध्याचा पत्ता?
"करावे."
मग हा सेक्टर कुठून आला मध्येच,
दहा वर्षांचे सगळे पत्ते द्यायचेत, बाबा.
"आमी कुठं नाय गेलो," ते म्हणतात,
"सेक्टर आला आमच्या घरान."

तेवढ्यात प्रीतम. कॅलगरीत अजून सकाळ, उणे अठरा.
त्याचा पीआरचा अर्ज वेगळा, त्यात गुण असतात:
वयाचे एवढे, इंग्रजीचे एवढे,
अनुभवाचे, बायकोच्या डिग्रीचे.
पंधरा कमी पडतायत.
बाबा कान देऊन ऐकतात. हा हिशोब त्यांना नवा नाही,
त्यांच्या वेळी साडेबारा टक्के होते.
"भरती कंदी वलते ता समजते, त्याचं किती?"
शून्य, बाबा.
"आनि पर्मनंट म्हंजे किती वर्सं?"
कार्ड पाच वर्षांचं. मग परत नवं करायचं.
बाबा आईकडे बघतात.
अडकित्ता थांबतो, आणि पुन्हा चालू होतो.

वाशीच्या लालवानींनी बजावलं होतं,
व्हिजिटर व्हिसाची परीक्षा एकच:
तुम्ही परत येणार, हे कागदावर दिसलं पाहिजे.
एफडी लावा, घरपट्टी लावा.
नातवाचं फार लिहू नका,
ती ओढ तिकडची झाली.
सातबारा आहे?
सातबाऱ्यावर सिडको आहे.
मग इथे काय आहे तुमचं, काका?

बाबांनी पिशवीतून ती फाइल काढली,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, जी ते लग्नालाही नेतात.
वाढीव मोबदल्याचा दावा.
सुरू झाला तो आजोबांच्या, पोशा हिरा म्हात्रेंच्या नावाने,
आता वारस म्हणून हसुराम पोशा.
पुढची तारीख अकरा नोव्हेंबर.
लालवानींनी चष्मा काढून पुसला.
"हे सगळ्यात भारी. हे पहिलं लावा."
परतताना रिक्षात बाबा एकटेच हसत होते.
चाळीस वर्षांत केस पहिल्यांदा कामाला आली.

शेवटचं पान.
तुम्हाला कधी कुठला देश
सोडून जायला सांगितलं गेलं आहे का?
मी ते मोठ्याने वाचलं.
वाचता वाचता वाटलं, मनात वाचायला हवं होतं.

"देस नाय," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने.
"शेत. मिठागर.
बांधावरची करंज, तिच्याखाली आयची चूल व्हती.
पन देस नाय."
आईने न बघता विचारलं, "नोटिशीन काय लिवलेला?"
"सार्वजनिक काम."

हो आणि नाही, दोनच गोल ठिपके.
मी नाही दाबलं.
पान लगेच पुढे सरकलं,
जणू तिथे कोणी थांबतच नाही.

लॅपटॉप मिटताना बाबा म्हणाले,
परतीचं तिकीट नऊ तारखेचं काढ.
दहालाच घरी पोचलो पायजे.
झोप नाय झाली
तं साहेबासमोर जांभया येतान.