पंचवीस लिटर

मूर्तिजापूरच्या दुकानदारानं आधी रंग दाखवले.
पांढरा, दुधी, एक जांभळ्या पट्ट्याचा.
मी विचारलं, आतून कसा आहे?
तो थांबला. "बाई, आतून कोन पाह्यते?"

आमच्या गावाला आतूनच पाहावं लागतं.
पट्टा खारपाणाचा. बोअरचं पाणी
डाळ शिजू देत नाही, साबणाला फेस येऊ देत नाही,
घागरीच्या बुडाशी पांढरी साय धरतं.
आधीचा गीझर दिराच्या लग्नात आलेला.
दोन हिवाळे चालला, तिसऱ्यात बुडातून पाझरला.
त्याच्या रिकाम्या पत्र्यात आता कोंबडी बसते.

दिगंबर जिनिंगमध्ये रात्रपाळीला.
पहाटे साडेपाचला येतो तेव्हा
भुवयांवर रुई, कानांत रुई,
कोणी गादी भरायला घेऊन अर्ध्यात सोडल्यासारखा.
पौषाच्या गार पाण्यानं रुई निघत नाही, चिकटते.
म्हणून बंब होता, पऱ्हाटीचा जाळ होता,
आणि चारला उठणारी मी होते.
मला वाटायचं, चारला सगळेच उठतात.

"पंधरा लिटरचा न्या, स्वस्त पडते."
पंधरात मानेपर्यंतच माणूस निघतो, मी म्हटलं.
पंचवीसचा द्या. आत काचेचा लेप असलेला.
आणि झाकण उघडून तो गज दाखवा.
त्यानं पोऱ्याला हाक मारली. पोऱ्यानं पाना शोधला.
चहा आला तेव्हा मला कळलं
की हे गिऱ्हाईक आता त्यांनी मानलंय.

नूर मिस्त्रीनं न्हाणीची भिंत ठोकून पाहिली.
"इथं नाई. ही मातीची हाय.
भरली टाकी म्हंजे तांदळाचा कट्टा टांगल्यावानी."
मग विटांची भिंत, मग अर्थिंगचा खड्डा,
त्यात कोळसा, त्यात मीठ.
या मातीत अजून मीठ कशाला, मी विचारलं.
तो हसला. मीठ मात्र टाकलं.
जाताना वाल्ववर बोट ठेवून म्हणाला,
"इथून टिपकलं तं टिपकू द्या. चिंधी बांधू नका.
थे टिपकते म्हणून टाकी फुटत नाई."

आता पाचला उठते, बटण दाबते, परत आडवी होते.
बल्ब पिवळा पडतो, पलीकडे निर्मलाबाईचा पंखा दम टाकतो,
ती भिंतीआडून खोकते. मुद्दाम.
पंचविसातलं अठरा त्याला लागतं.
उरलेलं कोणाचं, यावर आमच्यात काही बोलणं झालं नाही.
मीच एके दिवशी दार लावून घेतलं.
गुडघ्यावर ओतलं. मग पुन्हा गुडघ्यावरच.

वर्षानं नूर आला. बटण बंद, खटका खाली,
टाकी निवेपर्यंत पाय पसरून बसला.
मग बूड उघडलं,
आणि पापड्या पडल्या, चुन्याच्या, टोपलंभर.
त्यामागून गज. बोटाएवढा जाड गेला होता,
आला तो कुंपणाच्या तारेसारखा.
"हा झिजते, म्हणून टाकी झिजत नाई, ताई."
मग माझ्याकडे पाहून त्यानं खाकरलं.
आता हा बायकांच्या जन्माबद्दल काहीतरी बोलणार,
चेहऱ्यावर आलंच होतं त्याच्या.
मी म्हटलं, किती?
"साडेतीनशे."
मग बदला.

नवा बसला. टाकीवर मार्करनं तारीख लिहिली,
खाली दिगंबरनं बाण काढून लिहिलं, "गज".
जणू विसरू आम्ही.

झोप अजूनही चारलाच उघडते.
करायचं काही नसतं.
अंधारात पडून मी त्या चाराकडे पाहत राहते,
सरकारी कचेरीतल्या बाकावर बसल्यासारखी,
काम झालेलं असून.

पापड्या परसात ओतल्या.
कोंबडीनं एक टोचून पाहिली, दुसरी टोचली,
मग भराभर खाल्ल्या,
आणि जुन्या गीझरात जाऊन बसली.