सतरा बारा

रबाळे नाक्यावर माझं फ्लेक्सचं दुकान.
प्रणाली मढवीला पळताना मी एकदाच पाहिलं,
पण तिचा चेहरा चारशे टक्के मोठा करून
रात्र रात्र पाहिलाय.

पहिला फ्लेक्स तीन बाय दोन.
जिल्हा क्रॉसकंट्री, तिसरी.
बापाने टेम्पो रस्त्यातच उभा करून ऑर्डर दिली,
पैसे दोनदा मोजले,
जाता जाता म्हणाला,
अनवाणी हाय, पाय नको दाखवू.

मग राज्याचं सोनं.
वीस बाय दहा, गोठिवलीच्या कमानीवर.
मधोमध भाऊ हात जोडून,
खाली शुभेच्छुक सव्वीस, गॉगलसकट,
उरलेल्या कोपऱ्यात ती.
"जरा गोरी कर," भाऊंचा माणूस म्हणाला,
"आणि तो घाम काढ."
काढला.
कपाळावरचा, वरच्या ओठावरचा, गळ्याच्या खळगीतला.
पाच हजार मीटरचा घाम
पुसायला सात मिनिटं लागली.

संध्याकाळी ती स्वतःच आली,
सायकल भिंतीला टेकवून.
घामाबद्दल, रंगाबद्दल एक शब्द नाही.
"दादा, टायम चुकलाय.
सतरा बारा आहे. तुम्ही सतरा दोन छापलंय."
म्हटलं, कोण बघतंय,
दहा सेकंद तर आहेत, आणि कमीच केलेत की.
"ते दहा सेकंद मी अजून पळाले नाय."

दुसरा छापला, पदरचे पैसे घालून.
चुकलेला मशीनवर झाकायला ठेवला.

पुढचं वर्षभर तीच ती.
पतपेढीच्या कॅलेंडरवर, दहीहंडीच्या स्टेजवर,
ऐरोलीत बुटांच्या दुकानाची फीत कापताना
(त्यांनी दिलेले बूट अर्ध्या नंबराने लहान निघाले, असं बाप म्हणाला).
शाळेतल्या पोरी कमानीखाली उभ्या राहून
तिच्या फोटोसोबत फोटो काढायच्या.

एकदा पहाटे डिलिव्हरीला निघालो होतो.
साडेचार. एमआयडीसीचा वास रस्त्यावर बसलेला.
उभ्या कंटेनरांच्या कडेकडेने
ती आली, एकटीच,
काहीतरी मोजत.
मी हाक मारली.
तिने मान वळवली नाही.
का कोण जाणे, बरं वाटलं.

नॅशनलला चौथी आली.
चौथीचा फ्लेक्स कोणी लावत नाही.
त्या आठवड्यात भाऊंचा वाढदिवस होता,
कमानीवर त्यांचा केक चढला,
तोही मीच छापला.

परवा दुकानात आली,
बापाच्या टेम्पोच्या नंबरप्लेटला रेडियम हवं होतं.
पैसे काढता काढता नजर मशीनवर गेली.
घडी पडून शाई उडालेली,
तिचाच चेहरा, उलटा, कोरडा, गोरापान.
वाकून आकडा वाचला.

"यंदा किती?" मी विचारलं.
"सतरा एक."
सतरा दोनवर बोट ठेवलं,
आणि माझ्या दुकानात पहिल्यांदाच हसली.
"दादा, हा पण चुकलाच की."