गोल आकडा

रात्रपाळीत माझं काम एवढंच:
दुसऱ्यांच्या कागदांचे समास सरळ करायचे.
ऐरोली, सहावा मजला, एसी असा की मेमध्येही शाल लागते.
आज एका देशाचा कर्जकरार आलाय,
एकशे बारा पानं, सकाळी सहाच्या आत.
देश कुठला ते आम्ही विचारायचं नसतं,
पण जिल्ह्यांची नावं झाकायची राहिलीयत.
प्रत्येक नावाखाली लाल नागमोडी रेघ,
संगणकाला ती गावंच चुकलेली वाटतात.
मी एकेक नाव शब्दकोशात घालत जाते.
तेवढा अधिकार आहे मला.

भाषा मोठी सभ्य.
कुठेही 'काढून टाका' नाही.
सुसूत्रीकरण आहे. शिस्त तर पानोपानी.
चाळिसाव्या पानावर रॉकेल, पाव आणि बसचं तिकीट:
सवलत यापुढे फक्त खऱ्या गरजूंना,
आणि तिथे कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकतो.

खरे गरजू.
ईलठणपाड्यात आम्हालाही मोजलं होतं एकदा.
आई खाणीतून तशीच आलेली,
भुवयांवर दगडाची भुकटी.
गावंड नावाचे कारकून, पुढ्यात कार्डांचे तीन गठ्ठे.
"दोघांचे मिळून महिन्याला किती?"
आईला खोटं सुचलं नाही.
तेराशे म्हणाली, वर हसली,
शाबासकी मिळणार असल्यासारखी.
त्यांनी बाराने गुणलं. पंधरा हजार सहाशे.
"पिवळं पंधरापर्यंतच, बाई. सहाशे जास्त होतायत."
माणूस वाईट नव्हता. पुन्हा गुणून पाहिलं त्यांनी.
सहाशेच आले.

केशरी कार्ड मिळालं.
मी नऊ वर्षांची, मला तोच रंग आवडला,
वहीचं प्लास्टिक काढून त्याला घातलं.
त्या वर्षी आमच्याकडे भात रविवारचा झाला.

परिशिष्ट तीन. आरोग्य.
परिचारिका, कमी करायच्या जागा.
२४८, १७३, १४०, १०४, ७८.
रकाना उजवीकडे सरकवते
आणि कुणी सांगितलेलं नसताना बेरीज करते.
सातशे त्रेचाळीस.
खाली ठळक अक्षरांत सातशे पन्नास.

पुन्हा करते. बोटांवर करते.
सात नर्सा उरतात,
पाचांतल्या कुठल्याच जिल्ह्यात नसलेल्या,
आणि तरी घरी पाठवायच्या.
शेरा टाकते: सात जास्त होतायत, कृपया तपासावे.
पाऊण तासाने उत्तर येतं.
गोल केलंय. चालतं. फॉन्ट तेवढा बघा.

चालतं.
मग गावंडांना का नाही चाललं?
सहाशेचा एवढासा कोपरा,
घासला असता तर कुणाच्या बोटाला लागला असता?
पण द्यायचं असलं की आकडा नेमका लागतो,
अगदी पैशापर्यंत,
आणि इथे सात बायका
शून्याला शेजार हवा म्हणून.

सातांपैकी एकीचा हात हलका असणार.
सुई कधी गेली कळू नये, असा.
दुसरी मनगटावर घड्याळ उलटं बांधत असेल.
पुढच्या पाच मला दिसत नाहीत,
मी त्या देशात कधी गेलेली नाही,
तिथे झाडं कुठली तेही ठाऊक नाही.
खाली रस्त्यावर टँकर रांगेत उभे, दिवे लावून.
मी फॉन्ट बघते. साडेदहा आहे, बरोबर आहे.
पाच पन्नासला फाइल जाते.

रबाळ्याच्या खोलीत आई उठलेली असते.
आता गॅस आहे, भात रोज आहे,
कार्ड अजून तिच्या पत्र्याच्या पेटीत,
माझ्या वहीच्या प्लास्टिकसकट.
"काय काम होतं रात्री?"
"बेरजा."
"जुळल्या?"
"जुळवल्या."
ती चहा गाळते, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघते.
"मग झोप," म्हणते.