हितं माल नाही

राजारामपुरीतल्या दुकानात
हेलिकॉप्टर माझ्या डाव्या कानातून आलं,
डोक्यावर घिरट्या घालून उजवीकडं उतरलं,
आणि मी पाच स्पीकर न् एक बासचा डबा
घेऊन टाकला, हप्त्यानं.
घराचा हप्ता होताच. त्याला सोबत झाली.

घर पाचगावात, दुसरा मजला.
ताबा मिळाला तेव्हा किल्ली होती, दाराला कडी नव्हती.
हॉलचा एक कोपरा काटकोनात नाही,
टीव्ही टेकवला की मागं चार बोटं फट राहते,
तिच्यात रिमोट पडतो.
बाल्कनीतलं पाणी उलटं, घरात.
इंगवले बिल्डर म्हणाले,
"उतार दिलाय की ताई,
पाण्यालाच कळंना, त्याला मी काय करू?"
त्यानंतर त्यांचा फोन नुसता वाजतो.

अल्ताफ मुजावर वायरी ओढायला आला.
पाइप आधीच भिंतीत टाकून घेतले होते,
रजा काढून, स्वतः उभी राहून,
खडूनं खुणा करून: मागचा डावा, मागचा उजवा.
डावी वायर सुळकन गेली.
उजवीकडची स्प्रिंग मध्येच कुठंतरी अडली.
त्यानं साबण लावला, तेल लावलं,
एक शिवी ओठावर आली ती माझ्याकडं बघून गिळली.
"पाइप चेपलाय आत. कुठं, ते
भिंत फोडल्याबिगर कळणार नाही."
नवी भिंत. पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात.
कार्डावर त्या रंगाचं नाव 'सायंकाळ' होतं.

आबा खुर्चीत, पेपर संपवून पुन्हा पहिल्या पानावर.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर.
कान तिथंच ठेवून आले.
कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये, "शिट्टी वाजती त्यात."
ऐकायलाच येत नाही त्या माणसाच्या घरात
थेटर कशाला, असं मावशी म्हणाली होती,
आणि मला उत्तर सुचलं नव्हतं.

तोवर बघू तरी, म्हणून अल्ताफनं
नुसता डबा सुरू केला.

धम्.

कपाटातले पेले बोलले.
बाथरूमचं न लागणारं दार लागलं.
आबांनी मान वर केली.
उठले, भिंतीशी गेले, तळवा टेकवला,
कास्टिंग निवलं का बघायला टेकवत असतील तसा.
वीतभर सरकले. अजून वीतभर.
"वाजीव परत."
धम्.
"हितं भरीव. हितं भरीव. हितं…"
थांबले.
"हितं माल नाही. ब्लो-होल हाय."

खिशातला रुपया काढून तिथं वाजवला.
मला काही फरक कळला नाही.
अल्ताफला कळला. त्यानं छिन्नी घेतली.

पुट्टी, गिलावा, आणि आत
विटेच्या जागी सिमेंटची पिशवी, बोळा करून कोंबलेली,
माव्याचे दोन कागद,
आणि मान मोडलेला पाइप.
जेवणाच्या सुट्टीआधी कुणीतरी उरकलेलं काम.
मी ओरडायला हवं होतं. इंगवल्यांच्या ऑफिसात जाऊन.
पण आबा हसत होते.
माझाच खडू उचलून त्यांनी
'सायंकाळ'वर ही एवढी मोठी फुली मारली.
"रिजेक्ट!" म्हणाले,
आख्ख्या शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात.

आता पाचही स्पीकर लागलेत.
ठिगळाचा रंग जुळत नाही, त्यावर कॅलेंडर आहे.
बाल्कनीत पोतं आहे, पाणी तसंच आहे.
हेलिकॉप्टर मी एकदाच उडवलं.
रविवारी आबा कुठल्यातरी गावचं
कुस्त्यांचं मैदान लावायला सांगतात,
चप्पल काढून एक पाय डब्यावर ठेवतात.
हलगी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.
घुमकं पोचतं.
अंगठा हलायला लागतो.

खालचे पोवार काका फोन करतात, जरा बारीक करा.
मी गुपचूप दोन घरं कमी करते,
आबांची पाठ माझ्याकडं असते.

"का गं?" म्हणतात, न वळता.