तिरका काप

ट्रिसिलच्या उतारावर अजून बर्फाचे डाग.
बर्चला पालवी फुटायच्या आत कापायला हवं;
एकदा रस चढला
की पुढचा अख्खा हिवाळा
शेगडीत फुसफुसत राहतं लाकूड.

गुनवोर चेनसॉ व्हाइसमध्ये आवळते.
साखळीला छत्तीस दात,
अठरा डावे, अठरा उजवे.
कानस पुढे ढकलायची, उचलायची,
मागे ओढायची नाही.
एवढं आस्लाककडे बघून बघून येतं तिला.

मोजायला बसली तेव्हा कळलं,
उजवे दात आखूड.
त्याचा जोर त्या बाजूला जास्त पडायचा.
चाळीस वर्षं पातं डावीकडे वाकत गेलं
आणि तो शिव्या घालत राहिला
लाकडाला.

म्हणून तर शेडमधला एकही ओंडका
फोडायला धड उभा राहायचा नाही.
ती हाताने धरायची, तो कुऱ्हाड उचलायचा.
"हलू नकोस."
ती हलली नाही कधी.

आज डाव्या दातांवरून ती
कानस जास्त फिरवते, पुन्हा मोजते,
पुन्हा फिरवते,
सगळे एका मापाला येईतो.

दुपारी पातं खोडात सरळ खाली उतरतं.
बुटांवर पांढरा, ओला भुसा.
ओंडका ठोकळ्यावर ठेवला,
तर उभा.
ती हात काढून घेते. थांबते जराशी.
अजून उभाच.

मग दोन्ही हात कुऱ्हाडीला.

जुन्यांतला एक तेवढा जाळायचा नाही असं ठरलंय:
शेडचं दार उतारामुळे आपोआप मिटतं,
त्याच्या फटीत
तो तिरकाच नेमका बसतो.